लागलं असंल तर हात वर कर

(बारामतीला सरांच्या स्मृतिसभेत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



परवा इंदापूर तालुक्यात आमच्या हायस्कुलात सरांची शोकसभा झाली. मी मुंबईहून रात्रीची एसटी धरून गेलो होतो. स्टेजवर नऊ खुर्च्या होत्या. मोजल्या मी. गोदीत मोजायची सवय लागते. नऊ खुर्च्यांवर नऊ पांढरे शर्ट. प्रत्येकाने सांगितलं, सर आदर्श होते, शिस्तप्रिय होते, दीपस्तंभ होते. दीपस्तंभ मला ठाऊक आहे. तो खडकावर एकटा असतो आणि जहाजं त्याच्यापासून लांबून जातात. सर तसले नव्हते. सर मैदानात असायचे, गुडघ्यापर्यंत मातीत.

मी चिठ्ठी पाठवली, दोन मिनिटं बोलायचंय म्हणून. सूत्रसंचालकाने वाचली, घडी घातली, खिशात टाकली. नंतर 'वेळेअभावी'. पहिल्या रांगेत एक जण बसला होता, त्याने सरांच्या नावाचा स्मृतिचषक जाहीर केला. टाळ्या झाल्या. त्याच्याबद्दल शेवटी बोलणार आहे. तुम्ही पोरांनी म्हणून ही दुसरी सभा इथे बारामतीत, विहारात घेतली. इथे वेळेचा अभाव नाही.

मी सत्तावीस वर्षांचा. इंदिरा डॉकला ठेकेदाराच्या टोळीत माल चढवतो-उतरवतो. मॅट्रिक. कविता लिहितो, त्या तुमच्यातल्या काहींनी वाचल्यात. शिक्षणाचा भाग तेवढाच. पण जे काही शिकलो ते १३ बाय १० मीटरच्या जागेत शिकलो.

सर १९८५ साली आमच्या शाळेत लागले, २०१९ ला रिटायर झाले. भूगोल आणि पीटी. भूगोल म्हणजे काय, तर सर खिडकीतून कालवा दाखवायचे. हा नीरेचा डावा कालवा, १८८५ च्या सुमाराचा, इंग्रजाने दुष्काळाला भिऊन काढलेला. पाणी भाटघरातनं येतं. आता सांगा, हे पाणी कुणाच्या रानात जातं आणि कुणाच्या रानाच्या कडेनं जातं? आम्ही गप्प. वर्गात एकाच्या बापाचा चाळीस एकर ऊस आणि दुसऱ्याचा बाप त्याच उसाला रात्री पाणी द्यायला. सर म्हणायचे, पुस्तकात हा प्रश्न नाही, पण परीक्षेला येतो. कुठल्या परीक्षेला, ते सांगायचे नाहीत.

मैदान सरांनी करून घेतलं. आमच्याकडची माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. त्यावर पडलं की गुडघा सोलून निघतो. सरांनी तांबडा मुरूम आणवला, गवंड्याची चाळणी आणली आणि आठवी ते दहावीच्या सगळ्या पोरांना माती चाळायला बसवलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. पाटलाचा पोरगा चाळणीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. चाळणीला दोन माणसं लागतात आणि दोघांचा हात एका लयीत चालावा लागतो. नाहीतर माती अंगावर येते. मग पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने रेघा मारायच्या. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस. दोन्ही कडांना लॉबी.

आता लॉबीचा नियम ऐका, कारण तो मला फार आवडतो. चढाई करणारा जोपर्यंत कुणाला शिवत नाही तोपर्यंत लॉबी मैदानात धरत नाहीत. शिवलं की लॉबी खुली. सर आठवीतल्या पोरांना सांगायचे, "शिवाशिव झाली की मैदान रुंद होतं." पोरं माना डोलवायची. मला आठवीत हसू आलं होतं. का हसलास म्हणून एक कानाखाली बसली. संध्याकाळी बोलावून म्हणाले, "तुला कळलं म्हणून हसलास. बाकीच्यांना कळलं नाही. पण खेळात हसायचं नाही."

हा खेळ हुतूतू. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी तो जगाला दाखवला. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत आला. बुवा साळवींसारख्या माणसांनी त्याच्यापायी आयुष्य घातलं. २०१४ पासून तो टीव्हीवर लिलावात खेळतात, मॅटवर, दिव्यांच्या झोतात. ते सगळं चांगलंच. पण गावात हा खेळ भांडणाचा आहे. भांडण एकाच गोष्टीचं. लागलं की नाही लागलं? चढाईवाला म्हणतो, बोट लागलं. पकडवाला म्हणतो, कुठं लागलं? पंच बिचारा दोघांच्या मधे. अर्धे सामने मारामारीत संपतात.

सरांनी यावर एकच नियम केला होता. तो कुठल्याच पुस्तकात नाही. लागलं असंल तर ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं. पंचाने बघितलं असो-नसो. "आरं, तुला लागलं हे तुझ्याइतकं कुणाला ठावं? कातडी तुझी हाय." सरावात कुणी लबाडी केली आणि सरांनी बघितलं, तर त्या दिवशी त्याला गूळ-शेंगदाणे नाहीत. सर ते स्वतःच्या पगारातून आणायचे. माझ्यासारख्याचं संध्याकाळचं खाणं तेच होतं, त्यामुळे मी फार प्रामाणिक खेळाडू होतो.

पण थांबा. या नियमाची दुसरी बाजू बघा. पाटलाच्या पोराने हात वर करायचा म्हणजे चारचौघांत कबूल करायचं, की मला महारवाड्यातला हा शिवला. मी शिवला गेलो. मी बाहेर. आठवीत ती पोरं हात वर करायची नाहीत. दहावीपर्यंत करायला लागली. मी त्याला क्रांती म्हणत नाही. बाहेर पडल्यावर काहींची घरं तीच आणि हातपंपही तेच राहिले. पण रोज संध्याकाळी दीड तास, त्या रेघांच्या आत, मी माणसाला शिवत होतो आणि तो ते मान्य करत होता. ज्यांना हे जन्मतः मिळतं त्यांना ह्याची किंमत कळायची नाही.

सर पाळवणकर बाळूची गोष्ट सांगायचे. तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? चांभार समाजातला हा माणूस पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर महिना ४ रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचे. टाकता टाकता असा फिरकीवाला झाला, की गोऱ्यांना हरवायला पुण्याच्या हिंदूंना तो लागला. मैदानात घेतला. चहाला मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. सर विचारायचे, "चेंडू अकरा जणांच्या हातातनं फिरतो. बाळूनं थुंकी लावलेला चेंडू. तो बाटत नाही. कप बाटतो. हे कसं काय?" १९११ ला तो इंग्लंडला गेला, शंभरावर बळी घेतले. कप्तान त्याला कधी केलं नाही. भाऊ विठ्ठल १९२३ ला हिंदूंचा कप्तान झाला, तेही बऱ्याच तमाशानंतर. आणि हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला. सर हेही सांगायचे. लपवायचे नाहीत. मी चिडून विचारलं होतं, का उभा राहिला? सर म्हणाले, "तू वाच आन् मला सांग." मी अजून वाचतोय.

आता मला समोर काही चेहरे दिसतायत. त्यांच्या पोटातला प्रश्न मीच विचारतो. सर आपले होते का? नाही. सर पाटलांच्या भावकीतले. जिरायती गावचे, कोरडवाहू, पण भावकी ती भावकी. मग एका सवर्ण मास्तराच्या आरत्या ओवाळायला आपण जमलोय काय?

आरती नाही. हिशेब करतोय. आपल्या चळवळीला हे नवं नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाला केळूसकर गुरुजींनी हेरलं, १९०७ ला तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं, पुढे सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळूसकर आपले नव्हते. बाबासाहेब बाबासाहेब झाले ते स्वतःच्या बुद्धीने, केळूसकरांमुळे नव्हे. पण ते पुस्तक कुणी दिलं हे बाबासाहेबांनी लपवलं नाही.

आणि सरांचे दोषही सांगतो. सर मारायचे. दुसरं, आमच्या वर्गात फॉर्म भरताना 'बीसीची पोरं उभी राहा' म्हणून पुकारा व्हायचा आणि चाळीस डोळे आमच्या पाठीत रुतायचे. सर वर्गशिक्षक नव्हते, पण स्टाफरूममध्ये होते. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी त्यावर तोंड उघडलं नाही. मी एकदा तोंडावर विचारलं. खाली बघून म्हणाले, "चुकलंच." मास्तर पोरापुढे चुकलं म्हणतो हे मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतर गोदीत कुठल्या मुकादमाच्या तोंडून ऐकलं नाही.

लिहायलाही सरांनीच लावलं. सामना झाला की मला दोनशे पानी वही द्यायचे. कोण कुणाला शिवला, कितव्या मिनिटाला, कुठल्या बाजूला, लिही. मी पहिल्यांदा लिहिलं, 'आमच्या शूर वीरांनी वाघासारखी झेप घेतली.' सरांनी लाल पेनाने वाघ खोडला. वीर खोडले. "वाघ कुठं होता? तुझा पाय कुठं होता ते लिही." माझ्या कवितेची शाळा ही एवढीच. पुण्या-मुंबईचे समीक्षक काय म्हणायचं ते म्हणोत.

आता मूळ गोष्टीवर येतो. पाणी द्या जरा.

ऑक्टोबर २०१३. मी दहावीत. तालुक्याची फायनल. आमचा चढाईवाला माझ्याच वस्तीतला, माझ्याच बाकावरचा. नाव घेणार नाही, त्याने फोनवर तसं सांगितलंय. 'माझं नाव घेऊ नको, बाकीचं बोल.' शेवटची चढाई होती. समोर तीन उरले होते. तिघांनी मिळून धरला, तो तिघांना घेऊन मध्यरेषेवर पडला. बोट पलीकडे. लोण. तिघांतल्या एकाने हात वर केला नाही. म्हणाला, मला शिवलाच नाही. पंचाने दिलं. आम्ही जिंकलो. ज्याने हात वर केला नाही तो मोठ्या घरचा होता.

संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेने घरी चाललो होतो. त्याच्या हातात ढाल, माझ्या हातात दोघांच्या चपला. पुलाजवळ दोन मोटरसायकली आडव्या आल्या. चार जण. एक तो, बाकीचे थोराड. मी त्यांना बघितलं आणि बाजूच्या उसात शिरलो. पळालो म्हणा. उसाचं पातं गालाला कापत जातं, ते मला तेव्हा लागलंसुद्धा नाही. सात-आठ सऱ्या आत जाऊन मी बसलो आणि तिथून सगळं बघितलं. त्यांनी त्याला विचारलं, "कुठल्या हातानं शिवला रं?" तो बोलला नाही. मग त्यांनी हात सोडून घोटा धरला. ज्या घोट्याला धरून त्याला कुणी मैदानात पाडू शकलं नव्हतं तो पुलाच्या कठड्यावर ठेवला...

मागून सरांची गाडी आली. जुनी राजदूत, आवाज लांबून यायचा. सरांनी दिवा त्यांच्या तोंडावर धरला आणि चौघांना नावाने हाका मारल्या. दोघं त्यांच्या शिबिरात शिकून गेलेले. ते पळाले. सरांनी त्याला मधे घेतला, मला मागे बसवलं आणि बारामतीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी त्याला पाठीमागून धरला होता. त्याचा सगळा भार माझ्या छातीवर.

रात्री पोलीस ठाण्यात सरांनी जबाब दिला. चार नावं, वेळ, जागा. ॲट्रॉसिटी लावा म्हणाले. १९८९ चा कायदा आहे, कलम मला ठाऊक नाही, तुम्हाला असंल. लिहिणाऱ्याने विचारलं, आणखी कुणी बघितलं? सरांनी माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या पायाकडे बघितलं.

माझा बाप त्या चौघांतल्या एकाच्या घरी सालगडी होता. उचल फिटायची होती. मी पंधरा वर्षांचा होतो. ही कारणं आहेत आणि ती खरी आहेत. कारणं सगळ्यांकडे असतात, दोस्तांनो. म्हणूनच गावात कधी कुणी काही बघितलेलं नसतं.

सर म्हणाले, "न्हाय. एकटा मीच होतो."

त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. आयुष्यभर 'लागलं तर हात वर कर' म्हणणाऱ्या माणसाने मला हात खाली ठेवू दिला. त्याबद्दल ते पुढे कधीच बोलले नाहीत.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. भावकी सरांच्या दारात. मग संस्था. मग बदली, दूर जिरायती भागातल्या शाखेत, दोन वर्षं. तिथे मैदान नव्हतं, नुसता फुफाटा. तिथेही सरांनी चाळणी नेली म्हणतात. त्या पोराच्या बापाला आधी दम आणि मग पैसे. घर पिंपरीकडे हललं. त्याचा जबाब पातळ झाला. मी मार्चमध्ये परीक्षा दिली आणि मे महिन्यात चुलत्यामागे गोदीत आलो.

त्याच्या थोडंच आधी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यात खर्ड्याला नितीन आगे. सतरा वर्षांचा पोरगा. मुलीशी बोलला म्हणून शाळेतून मारत नेला आणि झाडाला लटकवलेला सापडला. मी डॉकच्या गेटवर चहाच्या टपरीवर पेपरात वाचलं. ग्लास हातात तसाच राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार फिरले. फिरलेल्यांत शिक्षकही होते. मी ते वाचलं आणि मला खर्ड्याच्या मास्तरांना शिवी देता येईना. शिवी ओठावर यायची आणि ऊस दिसायचा.

त्याच वर्षी आमच्या केसची तारीख होती. मी दोन पाळ्या बुडवून आलो. कोर्टाच्या दारात उभा राहिलो, आत गेलो नाही. सर एकटे पिंजऱ्यात. वकिलाने विचारलं, दिवस मावळलेला, तुम्हाला चेहरे कसे दिसले? सर म्हणाले, "तीस वर्षं पंचगिरी करतोय. पायाचं बोट रेघेला लागलं का न्हाय ते मला दिसतं. माणसाचं तोंड दिसणार न्हाय?" कोर्टात हसले लोक. निकाल काय लागला, ते विचारू नका. ज्याचा घोटा मोडला त्यालाच नक्की आठवत नव्हतं.

सर बाहेर आले. मला बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. म्हणाले, "वजन उतरलंय तुझं. खातोस का न्हाय?" एसटी स्टँडवर मिसळ घातली. दोन पाव जादा मागवले. वही आहे का विचारलं. आहे म्हटलं. तोंड पुसून गाडीला लावून दिलं. ही शेवटची भेट. आठ वर्षं मी गेलो नाही. कधी पाळी, कधी पाऊस, कधी पैसे. खोटं. तोंड नव्हतं.

गोदीत साखरेची गोणी येते, पन्नास किलोची. एखाद्या वेळी तिच्यावर आपल्याच तालुक्याचं नाव छापलेलं असतं. मी ती पाठीवर घेतो आणि मला वाटतं, ह्यात त्या उसाचा एखादा दाणा असंल, ज्याच्यात मी बसलो होतो.

माझा बाप गेल्या वर्षी वारला. आता त्या घराचं आमच्याकडे काही येणं-देणं नाही. म्हणून मी आज बोलतोय. ह्याला धैर्य म्हणू नका. सोय झाली आहे. स्मृतिचषक देणारा पहिल्या रांगेतला माणूस त्या चौघांपैकी एक आहे. त्याला सरांनी पकड शिकवली होती, आणि तो रडतही होता परवा. खरं रडत होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण चषकावर सरांचं नाव आणि खाली त्याचं नाव, हे मला बघवेना.

वकिलाला विचारलं. म्हणाला, आता ह्याचा कायद्याने काही उपयोग नाही. तरी मी लिहून आणलंय. वाघ नाही, वीर नाही. वाचतो. नावं इथे घेतो, अंकात छापायची की नाही ते संपादक ठरवतील.

'ऑक्टोबर २०१३, तालुका फायनलचा दिवस. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, कालव्याच्या पुलाजवळ. मी तिथे होतो. पुलापासून आत सात-आठ सऱ्यांवर, उसात बसलो होतो. मला दिसत होतं. चार जण होते. त्यांची नावं...'

(इथे वक्त्याने चार नावं वाचली. सभा उभी राहिली होती. - संपादक)